पोरके लेकरू आणि गावाचे पालकत्व



 शाळेच्या या वार्षिक स्नेहसंमेलनात आताच पारितोषिकांसाठी मुलामुलींच्या नावांचा पुकारा होत असताना समोर बसलेल्या आईबापांच्या मुद्रेवरील समाधान मी पाहत होतो, आणि ते पाहत असतानाच, ज्यांच्या नावाला टाळी द्यायला घरचे कोणीही माणूस या मांडवात नसेल अशा लेकरांचा विचार माझ्या मनात येत राहिला. आज चार शब्द बोलायचे ते त्यांच्याविषयी बोलावे, असे मी ठरविले आहे.

पोरक्या मुलाविषयीची कणव आपल्या समाजात पूर्वापार आहे. वार लावून जेवण्याची पद्धत इथल्या वडीलधाऱ्यांना ऐकून तरी ठाऊक असेल. आठवड्याचे सात वार सात घरी जेवून गरीब मुले विद्यार्जन करीत. ज्या घरचा सोमवार असे त्या घरी त्या दिवशी मूठभर तांदूळ अधिक वैरले जात, आणि आज पोटाची सोय कुठे लागेल या विवंचनेतून ते मूल मुक्त राही. या पद्धतीचा गुण तिच्या नेमात होता. तिचा दोष असा की ती जातीच्या पंगतीबाहेर सहसा गेली नाही, आणि ज्यांना आधाराची गरज सर्वांत अधिक होती तीच मुले उंबऱ्याबाहेर राहिली.

ही मर्यादा ओलांडणारी माणसेही याच महाराष्ट्राने पाहिली. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेऊन वाढविला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंनी देह ठेवला तेव्हा त्या कार्यात तो त्यांच्यासोबत होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी जे वसतिगृह उघडले, त्यातील चूल पेटती ठेवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. वार लावण्यातला नेम त्यांनी कायम ठेवला आणि पंगत तेवढी सर्वांना मोकळी केली. या मोठ्या माणसांच्या चरित्रांतून मी एवढाच बोध घेतला आहे की दयेचा उमाळा क्षणाचा असतो, आणि लेकरू मात्र वर्षानुवर्षे वाढवावे लागते. म्हणून दयेला नेमाची जोड मिळाल्यावाचून कोणतेही पोरके मूल मार्गी लागत नाही.

महसूल खात्यातील नोकरीच्या निमित्ताने मी पुष्कळ खेडी पाहिली. एका गावी मुक्कामाला असताना, आईबाप गमावलेला आठनऊ वर्षांचा एक मुलगा तिन्हीसांजेला शेजारच्या दाराशी घुटमळताना मला दिसला. ‘जेवलास का’ असे विचारले की तो मान खाली घालून ‘हो’ म्हणे. त्या घरची माउली शहाणी होती. तिने तो प्रश्न विचारणेच सोडून दिले होते. ती त्याला हाक मारून म्हणे, ‘अरे, वासराला जरा वैरण टाक,’ आणि वैरण टाकून तो हात धुवेपर्यंत स्वतःच्या मुलांच्या ताटांशेजारी त्याचे ताट मांडी. भाकरी, पिठले, वर कांदा. जे घरच्यांना तेच त्याला. उपकाराचा एक शब्दही न उच्चारता त्या मुलाचा मान तिने राखला. पोरक्या मुलाला भुकेइतकेच ओशाळेपण जाळते, हे तिला कोणी शिकविले नव्हते.

परंतु भाकरीने पोट भरते. हक्काचे रक्षण करायला दप्तर उघडावे लागते. बाप गेल्यावर वारसनोंद वेळेवर झाली की नाही, सातबाऱ्यावर अज्ञान मुलाचे नाव लागले की नाही, हे तलाठ्याच्या कचेरीत जाऊन पाहणारा एक तरी शेजारी असला पाहिजे. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यान्वये हिंदू अज्ञान मुलाची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही, आणि केवळ आपण सांभाळ करतो एवढ्या आधारावर चुलत्याला किंवा मामाला तर तो अधिकार मुळीच नाही. शासनाची बालसंगोपन योजना आहे; मूल संस्थेत न पाठविता नातेवाइकांच्या घरी वाढावे म्हणून तीतून दरमहा साह्य मिळते. मूल संकटात दिसल्यास १०९८ हा क्रमांक आहे, जिल्ह्याला बालकल्याण समिती आहे, गावपातळीवर बालसंरक्षण समितीची तरतूद आहे. या तरतुदी कागदावरून उंबऱ्यापर्यंत आणायच्या तर अर्ज लिहून देणारा, दाखले गोळा करणारा, तालुक्याला सोबत जाणारा माणूस लागतो, आणि तो गावातूनच यावा लागतो.

शिवाय आईबाप हयात असूनही काही महिने पोरकी होणारी मुले आपल्याकडे थोडी नाहीत. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कोयते निघाले की कित्येक मुले थकल्या आजीच्या हवाली होतात, आणि जी सोबत जातात त्यांचे नाव हजेरीपटावर राहून शाळा सुटते. अशा मुलांसाठी गावच्या शाळेतून हंगामी वसतिगृहे चालविण्याची सोय आहे. तथापि रात्री ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवणे हे कोणत्याही शासकीय हुकुमाने होत नाही. ते शेजारधर्मानेच होते.

ग्रामस्थहो, माझी आपणांस एकच विनंती आहे. येत्या ग्रामसभेत गावातील अशा प्रत्येक मुलाची नोंद करा, आणि त्या प्रत्येक नावापुढे एका घराचे नाव लिहा. ते घर त्याला नित्य जेवू घालील असे नाही. पण त्याची शाळा, त्याचे आजारपण आणि त्याचे कागद यांची विचारपूस त्या घराकडे असेल. ‘सगळे गाव आहेच की’ असे म्हणून जे मूल सोडून दिले जाते, त्याला वेळेला कोणीच नसते.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गातील असा सोबती डब्याच्या सुट्टीत एकटा बसत असेल, तर त्याला कीव न दाखविता आपल्या गोलात ओढा. खेळात भिडू म्हणून घ्या, अभ्यासात त्याची मदत मागा, आणि त्याची गैरहजेरी दोन दिवसांवर गेली तर घरी जाऊन चौकशी करा. तुम्ही आज मिळविलेली पारितोषिके अभिमानास्पद आहेत; या शाळेतून एकही मूल केवळ आईबाप नाहीत म्हणून गळले नाही, असे पुढल्या संमेलनात मुख्याध्यापकांना सांगता आले, तर ते या गावाचे सर्वांत मोठे पारितोषिक ठरेल. ते तुम्ही मिळवाल असा मला भरवसा वाटतो.