राजौरीची वाट : सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे



पेडण्याहून दक्षिणेस जाणारा हमरस्ता गोव्याची हद्द सोडून, काळी नदी ओलांडून कारवारास पोचतो. तेथून थोड्या अंतरावर चेंडिये हा गाव लागतो. २६ जून १९१८ रोजी राम राघोबा राणे ह्यांचा जन्म ह्याच गावी झाला. शूर म्हटला की हाती शस्त्र घेऊन शत्रूवर तुटून पडणारा पुरुष डोळ्यांपुढे येतो. राणे ह्यांचे शौर्य निराळ्या जातीचे होते. त्यांनी वाट मोकळी केली.

१९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांविरुद्ध लढले. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांस अधिकारपद मिळाले. त्यानंतर चारच महिन्यांत काश्मीरच्या युद्धात नौशेराहून राजौरीकडे कूच करण्याचा प्रसंग आला. राजौरीत नागरिकांचा छळ चालला होता. तेथे त्वरेने पोचणे अगत्याचे होते, आणि रणगाडे रस्त्यावाचून पोचते ना! शत्रूने डोंगरातला तो रस्ता सुरुंग पेरून, झाडे आडवी पाडून आणि मोऱ्या उडवून जागोजाग बंद केला होता.

८ एप्रिल १९४८ रोजी सकाळी अकराच्या सुमारास राण्यांची तुकडी कामास हात घालणार, तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघे ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेली माणसे पुन्हा उभी केली व शत्रूच्या नजरेसमोर, मशीनगनच्या माऱ्यात, रात्री दहापर्यंत काम चालविले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहास पुन्हा प्रारंभ. संध्याकाळी पाइनचे पाच प्रचंड वृक्ष आडवे आले. भोवती सुरुंग, वरून गोळीबार. अंधार पडला म्हणून रणगाडे थांबविण्यात आले. १० तारखेस पावणेपाचलाच राणे त्या अडथळ्याशी भिडले आणि साडेसहापर्यंत तो दूर केला. पुढे रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून दुपारी चिंगासला पोचले. त्यांची निकड भागली होती. परंतु मागून रसदीच्या गाड्या यावयाच्या होत्या. म्हणून हा जखमी अधिकारी अन्नविश्रांतीवाचून रात्री नऊपर्यंत रस्ताच मोकळा करीत राहिला! ११ तारखेस सकाळी अकरा वाजता चिंगासपर्यंतची वाट खुली झाली, तरी त्या रात्री दहापर्यंत पुढचे काम चालूच होते. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत शिरले.

त्या युद्धातील पाच परमवीरचक्रांपैकी तीन मरणोत्तर होती. जिवंतपणी हा मान मिळविणारे राणे हे पहिले वीर. ह्या पदकावर इंद्राची चार वज्रे आहेत. पुराणश्रवण केलेल्या ह्या सभेस दधीचीच्या अस्थींची कथा सांगावयास नको. मात्र ते चिन्ह योजणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपीय होत्या, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

मेजर होऊन निवृत्त झालेले राणे १९९४ साली पुण्यास निवर्तले. १९८४ मध्ये एका तेलवाहू जहाजास, तर २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटास त्यांचे नाव देण्यात आले. कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर २००६ साली त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. हमरस्ता तेथून जवळच आहे.