खिंडींनी घडवलेलं शहर

रुमानियातल्या ब्राशोव शहरात जर्मन, हंगेरियन आणि रुमानियन लोक शतकानुशतकं गुण्यागोविंदानं नांदले, असं सांगण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी सॅक्सन जर्मनांनी वाढवलेल्या या शहराला भक्कम तट होता, आणि तटाच्या आत रुमानियन माणसाला घर घेता येत नसे. त्यांची वस्ती वेशीबाहेर, श्केई भागात. ही माणसं एकमेकांशी जोडली गेली ती दक्षिणेला वालाकियात उतरणाऱ्या खिंडींमुळे. तिकडून गुरं, मेण, मसाले येत, इकडून कापड आणि सुऱ्या जात. रुमानियन भाषेतला, काळ निश्चित सांगता येणारा सर्वांत जुना उपलब्ध दस्तऐवज म्हणजे 1521 सालचं एक पत्र. तुर्की सैन्याच्या हालचालींची खबर देणारं ते पत्र वालाकियातल्या न्याक्शुनं लिहिलं ब्राशोवच्या जर्मन नगरप्रमुखाला, हान्स बेंकनरला! त्याच शतकात मुद्रक कोरेसीनं रुमानियन पुस्तकं छापली तीही इथंच. शहरातल्या लुथरपंथीयांच्या ‘काळ्या चर्च’मध्ये तर याच व्यापारातून आलेले तुर्की गालिचे लटकतात, शंभराहून अधिक.

कुणी विचारेल, वेशीबाहेर ठेवलेल्यांशी केलेल्या व्यवहाराला सहजीवन कसं म्हणायचं? आक्षेप रास्त आहे. तो अन्यायच होता, आणि आजच्या सुंदर चौकांचं कौतुक करताना तो झाकणं मला अप्रामाणिक वाटतं. पण गरजेपोटी का होईना, वरचढांना शेजाऱ्याच्या भाषेकडे पाठ फिरवता आली नाही, आणि शेजाऱ्यांनी त्या फटीतून स्वतःची वाट काढली. 1838 साली जॉर्ज बारित्स्यू यांनी ट्रान्सिल्व्हेनिया या ब्राशोवच्या प्रांतातलं पहिलं रुमानियन वृत्तपत्र काढलं, ते योहान ग्योट या जर्मन मुद्रकाच्या छापखान्यातून.

दुसरा प्रश्न अधिक कठीण: गरज एवढी बळकट, तर जर्मन गेले का? जानेवारी 1945 मध्ये त्यांच्यातल्या धडधाकट स्त्री-पुरुषांना वेठीच्या कामासाठी सोव्हिएत संघात नेलं गेलं. पुढे हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत पश्चिम जर्मनी पैसे मोजून त्यांची सुटका करून घेई. 1989 मध्ये ती राजवट कोसळल्यावर उरलेले बहुतेक निघून गेले. खिंडी जागच्या जागीच होत्या, पण जन्मानं जर्मन असणं हाच गुन्हा ठरल्यावर व्यापाराची गरज कुणाला धरून ठेवणार? तरी गरज संपलेली नाही. ब्राशोवमधल्या, होंटेरुस या सॅक्सन विद्वानाच्या नावाच्या शाळेत आजही जर्मन माध्यमातून शिकवतात. वर्गातली बहुतेक मुलं रुमानियन घरांतली आहेत. पालकांना त्या भाषेत पुढचं शिक्षण आणि नोकरी दिसते.