सापडलं नाही, पण शोधलं कुठे?

(सोलापूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत माझा विषय ‘तंत्रज्ञान आणि आजचा तरुण’ असा छापला आहे. संयोजकांची परवानगी गृहीत धरून मी तो बराच आवळून घेतो. मला आज एकाच प्रसंगाबद्दल बोलायचं आहे. संगणकावर एखादं साधन इन्स्टॉल होतं. ‘यशस्वीरीत्या झालं’ असं संगणक स्वतःच कळवतो. पुढच्याच क्षणी आपण त्या साधनाचं नाव टाइप करतो आणि तोच संगणक म्हणतो, ‘कमांड नॉट फाउंड’. विंडोज असेल तर वाक्य लांबलचक येतं, ‘इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्सटर्नल कमांड’ वगैरे. अर्थ तोच.

पुढच्या रांगेतले आजोबा शेजाऱ्यांना विचारताहेत, एवढ्यावर तासभर बोलणार? (हशा) होय आजोबा, तासभर. माझं ठाम मत आहे की या एका वाक्यापाशी आपल्या जिल्ह्यातली हुशार मुलं संगणकावरून उठतात. मंगळवेढ्याहून, सांगोल्याहून, अक्कलकोटहून मुलगा शिकायला येतो. बारावीपर्यंत मराठी माध्यम. वर्गात फळ्यावर प्रोग्रॅम लिहून दाखवलेला असतो, तो त्याला समजलेलाही असतो. खोलीवर येऊन तो लॅपटॉप उघडतो आणि प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीपर्यंत पोचायच्या आत हे वाक्य समोर येतं. इंग्रजीत येतं, म्हणून ते निकालासारखं वाटतं. आपल्याला जमत नाही, असा निकाल. माझं म्हणणं आहे की पहिला प्रोग्रॅम शिकवण्याआधी या वाक्याचं काय करायचं ते शिकवलं पाहिजे, आणि मराठीतून शिकवलं पाहिजे.

युनिक्स म्हणजे संगणकाची एक कार्यप्रणाली, टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. घरोघरी एक तरी जण हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन त्याच्यावरच पोट भरतो. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

आपल्यापैकी बहुतेक जण वाचनालयाचे सभासद आहात, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. तुम्ही पुस्तकाचं नाव सांगता. शिपायाच्या हातात कपाटांची एक यादी आहे: आधी पहिलं कपाट बघ, मग चौथं, मग जिन्याखालचं. तो त्याच क्रमाने फिरतो आणि त्या नावाचं पहिलं पुस्तक दिसलं की ते घेऊन येतो. यादीतली कपाटं संपली की परत येऊन सांगतो, नाही. पुस्तक काल आलेलं असेल, कार्यालयातल्या टेबलावर पडलेलं असेल. टेबल यादीत नाही, म्हणून तो तिकडे बघणार नाही. संगणकातल्या या यादीला पाथ म्हणतात. त्यात फोल्डरांची नावं क्रमाने असतात. लिनक्स आणि मॅकवर मध्ये विसर्ग-चिन्हासारखे दोन ठिपके, विंडोजवर अर्धविराम. इन्स्टॉल करणं म्हणजे फाइल डिस्कवर ठेवणं. ती जिथे ठेवली ते फोल्डर यादीत आहे का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि कित्येक इन्स्टॉलर त्याची काळजी घेत नाहीत. विंडोजवरच्या पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच पडद्यावर तळाशी एक चौकोन असतो, ‘पाथमध्ये टाका’ असा. तो मुळात रिकामा असतो. मुलं घाईने वरचं मोठं बटण दाबतात.

आता मी एक हकिगत सांगतो. पाच मिनिटांत संपवेन. आपल्याच शहरातल्या एका वाचनालयात काही तरुण मंडळी जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करत होती. नुसती छायाचित्रं साठवून भागत नाही, त्यांतला मजकूर शोधता आला पाहिजे. त्यासाठी टेसेरॅक्ट नावाचं फुकट साधन आहे. ते 1985 ते 1994 या काळात ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झालं, 2005 साली सर्वांसाठी खुलं झालं, आणि आज त्याला मराठी वाचता येतं. चित्र द्यायचं, अक्षरं घ्यायची. बीएस्सीला असलेल्या एका मुलीने हे काम अंगावर घेतलं. तिने पायथनची पॅकेजं आणून देणारं ‘पिप’ वापरून ‘पायटेसेरॅक्ट’ इन्स्टॉल केलं. झालं, असा संदेश आला. प्रोग्रॅम चालवला तर एरर. मला फोन. ‘सर, दोनदा काढून पुन्हा टाकलं, तरी मिळंना म्हणतंय.’

मी म्हटलं, एरर वाचून दाखव. तिने वाचलं: ‘टेसेरॅक्ट इज नॉट इन्स्टॉल्ड’. आणि थांबली. मी म्हटलं, पुढे? पुढे होतं, ‘ऑर इट्स नॉट इन युअर पाथ’. श्रोतेहो, लिहिणाऱ्याने दोन्ही शक्यता प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या होत्या. ती पहिल्या शक्यतेपाशी थांबली आणि तिने इन्स्टॉल करण्यातच दुपार घालवली. हे मी पुन्हा पुन्हा पाहतो: मुलं एरर अर्धी वाचतात, कारण ती त्यांना रागावल्यासारखी वाटते.

तिच्या बाबतीत दोन्ही शक्यता खऱ्या होत्या. पायटेसेरॅक्ट हा नुसता निरोप्या आहे. अक्षरं ओळखणारं खरं यंत्र वेगळं, ते पिप आणत नाही. म्हणजे खरोखरच इन्स्टॉल नव्हतं. मग तिने विंडोजसाठीचं ते यंत्र उतरवलं. ते ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये स्वतःच्या फोल्डरात जाऊन बसलं आणि पाथला हात लावला नाही. पुन्हा तेच वाक्य. वाक्यात एका अक्षराचा फरक नाही, कारण मात्र बदललं. इथे मुलं खचतात. आपण काहीतरी केलं आणि काहीच हललं नाही, असं त्यांना वाटतं.

मग सेटिंगमध्ये जाऊन तिने ते फोल्डर पाथमध्ये घातलं. तरीही नाही. का? काळी खिडकी आधीपासून उघडी होती. प्रत्येक प्रोग्रॅमला ही यादी तो सुरू होताना मिळते, सुरू करणाऱ्याकडून, नक्कल म्हणून. नंतर मूळ यादी बदलली तरी त्याच्या हातातली नक्कल जुनीच. खिडकी बंद करून नवी उघडायची. आणि खिडकी जर कोड लिहायच्या एखाद्या एडिटरच्या पोटात असेल, तर तो एडिटरच बंद करून पुन्हा उघडायचा. केवळ टॅब बदलून चालत नाही.

तिने नवी खिडकी उघडली आणि टेसेरॅक्ट सापडलं. मराठी पान दिलं, तर नवीन एरर: मराठी भाषेची फाइल नाही. (हशा) हसू नका, हीच खरी प्रगती होती. टेसेरॅक्ट सापडलं म्हणूनच ते आता ‘मला मराठी शिकवलेलं नाही’ असं सांगू शकत होतं. मराठीची माहिती ‘मार’ या तीन अक्षरी नावाच्या फाइलीत असते. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीतून ती निवडावी लागते. उबुंटू लिनक्सवर तिचं वेगळं पॅकेज आहे. त्या मुलीने संध्याकाळी सातला मला एक उतारा पाठवला. त्यात चुका होत्या, जोडाक्षरं विस्कटली होती, रफार उडाले होते. पण शोध घेता येईल असा मराठी मजकूर होता. शंभर वर्षांपूर्वीचं पान होतं ते. ज्या पुस्तकाला कोणी हात लावत नव्हतं, त्यातलं गावाचं नाव आता दोन सेकंदांत सापडतं. हे सगळं एक यंत्र, यादीतलं एक फोल्डर आणि भाषेची एक फाइल नसल्याने अडलं होतं. मला याचं फार वाईट वाटतं, आणि म्हणून मी हा विषय सोडत नाही.

पाच मिनिटं म्हणालो होतो, कार्यकर्ते घड्याळ दाखवताहेत. ठीक आहे.

एक चिठ्ठी आली आहे. ‘आता एआयला विचारलं की उत्तर मिळतं, मग हे शिकायचं कशाला?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाणं मला पटणार नाही. एआयला तुम्ही फक्त ‘चालत नाही’ म्हणालात तर ते दहा उपाय देईल. त्यातला एखादा पाथ दुरुस्त करण्याऐवजी मोडेल. विंडोजवर ‘सेटएक्स’ नावाची कमांड बेधडक सुचवली जाते. ती 1024 अक्षरांपलीकडचं कापून टाकते. लांब पाथ असलेल्या संगणकावर ती चालवली की उरलेली यादी गेली, आणि काल चालणारी साधनंही आज सापडत नाहीत. आणि जे एआय तुमच्या संगणकावर स्वतः कमांड चालवतं, तेही सुरुवातीला हेच तपासतं: फाइल कुठे आहे, यादीत काय आहे. त्याने केलेलं बरोबर की चूक हे ओळखायला ते दोन प्रश्न तुम्हाला माहीत हवेत. मी एआयच्या विरोधात नाही, कृपा करून तसं घरी जाऊन सांगू नका.

दुसरी चिठ्ठी: ‘एवढी फोल्डरं का ठेवली? सगळं एकाच ठिकाणी का नाही?’ याचं उत्तर मला फार आवडतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते. यंत्र होतं पीडीपी-11. प्रोग्रॅम ‘बिन’ या फोल्डरात ठेवायचे. पहिली डिस्क भरली. तेव्हा उरलेले प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवर, जिथे वापरणाऱ्यांच्या फायली होत्या तिथे, आणखी एक ‘बिन’ करून ठेवले. झाली दोन ठिकाणं. मग शोधायचं कुठे आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवणं आलं. युनिक्सच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा शेल, म्हणजे टाइप केलेली कमांड शोधून चालवणारा प्रोग्रॅम, आला आणि ही यादी वापरणाऱ्याला स्वतः बदलता येईल अशा रूपात पाथ म्हणून मिळाली. जागेच्या टंचाईतून आलेली ही व्यवस्था आहे. तुमच्या बुद्धीची परीक्षा घ्यायला कोणी ती रचलेली नाही. हे मुलांना सांगा. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

पाच मिनिटं उरलीत म्हणतात. मग भराभर सांगतो, मुलांनो, लिहून घ्या.

नाव बरोबर आहे का ते आधी बघा. पॅकेजचं नाव एक आणि कमांडचं दुसरं, असं असतं. ‘रिपग्रेप’ इन्स्टॉल करायचं आणि टाइप करायचं ‘आरजी’. उबुंटूवर ‘बॅट’ इन्स्टॉल केलं तर कमांड ‘बॅटकॅट’ होते, कारण त्या नावावर आधीच दुसऱ्याचा हक्क होता. उबुंटूवर ‘पायथन’ नाही मिळत, ‘पायथन3’ मिळतं.

मग फाइल कुठे गेली ते शोधा. पिपने स्वतःपुरतं इन्स्टॉल केलं की लिनक्सवर ती घरच्या फोल्डरातल्या ‘डॉट लोकल’च्या ‘बिन’मध्ये जाते, रस्ट भाषेची साधनं ‘डॉट कार्गो’त, गो भाषेची ‘गो’ फोल्डरात. नव्या मॅकवर साधनं इन्स्टॉल करून देणारा होमब्रू ‘ऑप्ट’खाली असतो, जुन्या इंटेल मॅकवर ‘युएसआर-लोकल’मध्ये. पिप तर अनेकदा पिवळ्या अक्षरांत स्वतःच इशारा देतं की हे फोल्डर पाथमध्ये नाही. पिवळी अक्षरं वाचा.

मग यादी बघा. लिनक्सवर ‘एको डॉलर पाथ’. कमांड कुठून येते ते ‘टाइप’ किंवा ‘व्हिच’ सांगतात. विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘व्हेअर’. पण पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर’चा अर्थ वेगळा आहे, तिथे ते काहीच न बोलता परत येतं, म्हणून ‘गेट-कमांड’ वापरा. विंडोजवर ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्टच्या ॲप-दुकानाचं पान उघडलं, तर तो विंडोजच्या 2019 च्या सुधारणेपासून ठेवलेला नुसता नावाचा फलक आहे, सेटिंगमध्ये तो बंद करता येतो.

मॅकवर 2019 पासून झेडशेल मुळात असतो, तेव्हा पाथची ओळ ‘झेडएसएचआरसी’त हवी, जुन्या पुस्तकात बॅश या आधीच्या शेलची फाइल सांगितलेली असते. आधी हलवलेली कमांड बॅशला जुन्याच जागी आठवत असेल तर ‘हॅश वजा आर’. चालू फोल्डरातली फाइल लिनक्सवर आपोआप सापडत नाही, ‘डॉट-स्लॅश’ लावावा लागतो, आणि हे तुमच्या भल्यासाठी आहे: नाहीतर कोणीही ‘एलएस’ नावाची घातक फाइल ठेवून तुम्हाला फसवेल. बॅशमध्ये कमांड सापडलीच नाही तर निकालाचा आकडा 127 येतो; सापडली पण चालवायची परवानगी नाही, तर 126. हे दोन आकडे पाठ करा, रोग कुठला ते लगेच कळतं.

आणि एक काकुळतीने सांगतो. वैतागून पिपच्या आधी ‘सुडो’, म्हणजे संगणकाच्या मालकाच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द, लावू नका. आणि न सापडलं म्हणून पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करू नका. त्याने एका संगणकावर तीन पायथन होतात, पिप एकात टाकतं, प्रोग्रॅम दुसऱ्यात चालतो, आणि मग खरोखर सापडेनासं होतं.

आता आवरतो. मी हे कोणा एकट्याचं खूळ म्हणून सांगत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, जिथे जगातली निवडक मुलं येतात, तिथेही 2020 साली शेल, पाथ आणि अशीच साधनं शिकवणारा वेगळा वर्ग घ्यावा लागला. त्याचं नाव होतं ‘राहून गेलेलं सत्र’. त्यांच्याकडे राहून जात असेल तर आपल्याकडे राहणारच. फरक एवढाच की तिथल्या मुलाला शेजारच्या खोलीत सांगणारा कोणीतरी असतो. आपल्या मुलाला रात्री अकरा वाजता खोलीवर कोणी नसतं.

म्हणून समोर बसलेल्या प्राध्यापकांना, शाळांतल्या संगणक शिक्षकांना आणि शिकवण्या घेणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. महिन्या-दीड महिन्यात वर्ग उघडतील. पहिल्या प्रात्यक्षिकाचा पहिला तास याला द्या. मुद्दाम एक साधन पाथबाहेर ठेवा, एरर येऊ द्या, ती मुलांकडून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून घ्या, आणि मराठीत विचारा: नाव बरोबर आहे का, फाइल कुठे आहे, यादीत ते ठिकाण आहे का, खिडकी नवी उघडलीस का. हे चार प्रश्न प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावा. ज्यांना तक्ता हवा असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मंचापाशी यावं; मराठीत छापलेला आहे, पैसे लागणार नाहीत.

(टाळ्या)