सांध्यांचा आवाज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला व्यायामवर्गाविषयी चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे आणि सर्वांपुढे उभे राहण्याची ही पहिलीच वेळ. पण त्या म्हणाल्या, “पुस्तकातले सांगणारे पुष्कळ आहेत, तुम्ही तुमच्या गुडघ्यातले सांगा.” तेव्हा जे सांगते ते गुडघ्यातलेच आहे. काही डॉक्टरीणबाईंकडून समजावून घेतले, काही मुलीने वाचून दाखवले. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला वर्ग सुरू झाला तेव्हा मी मोठ्या हौसेने आले होते. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो वजन, अशा दोन बाटल्या घरूनच आणल्या. तिसऱ्या दिवशी बैठका काढताना माझा उजवा गुडघा असा ‘कट्’ वाजला की मागच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, “अहो, वंगण संपलं वाटतं तुमचं!” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी जाताना ते वाक्य माझ्याबरोबर आले. जिन्याची पायरी चढले की कट्, पाटावरून उठले की कट्. आमच्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. मला वाटले, आता माझी पाळी आली.

मी वर्ग सोडला. विचारले तर आधी गौरीगणपतीचे निमित्त सांगितले, मग दिवाळीचे. खाली बसणे बंद केले. भाजी निवडायची तर खुर्चीवर, देवपूजा स्टुलावर. गुडघा जपायचा म्हणून जपला. संक्रांतीला शेजारी हळदीकुंकवाला गेले आणि सर्वांबरोबर सतरंजीवर बसले. उठायची वेळ आली तेव्हा माझे मला उठता येईना. दोघींनी दोन्ही हात धरून मला उभे केले. वय वर्षे चव्वेचाळीस! आणि भगिनींनो, उठताना गुडघा वाजलाच. म्हणजे आवाज होता तिथेच राहिला होता; गेली होती ती पायांतली ताकद.

मग मात्र मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी गुडघा वाकवून, दाबून पाहिला आणि विचारले, “दुखतो का? सुजतो का? मध्येच अडकतो का? चालताना दगा देतो का?” चारही प्रश्नांना मी नाही म्हटले. “मग भिता कशाला?” मी म्हटले, “आवाजाला.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “लेकराची दृष्ट काढताना कानशिलावर बोटे मोडता की नाही? ती मोडतात तेव्हा काय वाजते, ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हते. तुमच्यापैकीही पुष्कळजणींना नसेल, म्हणून सांगते. सांध्यात वंगणासारखे एक द्रव असते आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा ताणला की आतली जागा वाढते, दाब एकदम कमी होतो आणि वायूचा बुडबुडा तयार होतो. सोड्याच्या बाटलीचे झाकण काढले की बुडबुडे येतात, तसेच काहीसे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात २०१५ साली बोट ओढताना एमआरआय यंत्राने आतली चित्रे घेतली, तेव्हा आवाजाच्या क्षणी सांध्यात पोकळी उमटलेली दिसली. आवाज नेमका बुडबुडा होण्याचा की तो अर्धवट मिटण्याचा, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून आहे. पण हाड मोडल्याचा तो आवाज नव्हे, यावर त्यांचे एकमत आहे. तुम्हीच घरी करून पाहा. एकदा मोडलेले बोट लगेच पुन्हा वाजत नाही. डाळ शिजेपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटे थांबा, मग वाजेल. वायू पुन्हा विरघळायला तेवढा वेळ लागतो. तर, वंगण संपले म्हणून बोट वाजत नाही; वंगण आहे म्हणून वाजते!

अमेरिकेत डोनाल्ड अंगर नावाचे एक डॉक्टर होते. बोटे मोडलीस तर संधिवात होईल, असे त्यांना लहानपणी घरच्या बायकांनी बजावले होते. त्यांनी पन्नास वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे रोज मोडली आणि उजव्याची मोडली नाहीत. १९९८ साली त्यांनी लिहून प्रसिद्ध केले की दोन्ही हातांत संधिवात नाही. एका माणसावरून सारे सिद्ध होत नाही हे खरे, पण घरच्या बायकांची भीती कशी पिढ्यान्‌पिढ्या चालते, ते मात्र दिसते.

सगळेच आवाज बुडबुड्याचे नसतात. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी कधी हाडाच्या उंचवट्यावरून सरकते आणि टचकन वाजते. खांद्याला, कमरेला, घोट्याला हे फार होते. गुडघ्याची वाटी खोबणीतून सरकताना पायाखाली वाळू यावी तशी करकर होते. वाढत्या वयात आतला गुळगुळीत पृष्ठभाग खरखरीत होऊ लागतो, त्यानेही आवाज येतो. पण दुखणे किंवा सूज नसेल, तर नुसत्या आवाजासाठी व्यायाम सोडायचे कारण नाही.

मी वर्गाला परत आले. पाय अशक्त झाले होते, त्यामुळे बैठक खोल घेतली की गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागले. आवाजाला भिऊ नये, हे कळले होते. दुखण्याचे काय करावे, ते आता शिकले. पूर्ण बैठकीऐवजी खुर्चीपर्यंत बसायचे आणि उठायचे. तीन आकडे मोजत खाली, मग सावकाश वर. दोन्ही गुडघे एकमेकांकडे आत झुकू द्यायचे नाहीत. बाटल्या काही दिवस बाजूला. दुखणे रुपयात चार आण्यांपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी राहत नसेल, तर चालते. त्याहून जास्त असेल तर पुढच्या वेळी खोली कमी, वजन कमी. पण व्यायाम बंद नाही. मांडीत आणि कमरेत बळ येत गेले, तसे गुडघ्याचे दुखणे ओसरले. आवाज आजही येतो. मी त्याला ‘ये बाबा’ म्हणते.

इथे भाषण संपवले असते, तर मला टाळ्या मिळाल्या असत्या. पण पुढचे सांगितल्याखेरीज हे खरे होणार नाही.

नवे ज्ञान झालेल्या माणसाला ते वाटण्याची घाई असते. माझ्या थोरल्या जाऊबाई, मी त्यांना अक्का म्हणते, भरलेली बादली घेऊन वळताना त्यांचा गुडघा मुरगळला. ‘खट्’ असा आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत गुडघा भोपळ्यासारखा सुजला. सूज थोडी उतरल्यावर त्या मला म्हणाल्या, “अगं, वाजतोय आणि सरळ होत नाही.” मी मोठ्या शहाणपणाने म्हटले, “अक्का, आवाजाला काय भ्यायचं? वर्गाला चला, मोकळा होईल.” बिचाऱ्या आल्या. माझ्या शब्दाखातर तीन दिवस आल्या. तिसऱ्या दिवशी खुर्चीवरून उठताना गुडघा वाकलेला तसाच अडकला. आत गादीसारखी चकती असते, ती फाटून तिचा तुकडा मध्ये आला होता. दुर्बिणीने शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मुरगळला त्याच आठवड्यात दाखवायला हवा होता.” अक्कांनी मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच तो मला अधिक लागला.

दोन चुका मी केल्या. पहिल्यांदा निव्वळ आवाजाला भ्याले, आणि दुसऱ्यांदा आवाजाबरोबर आलेले बाकीचे सारे पाहिलेच नाही. म्हणून आता आवाज आला की एवढेच पाहते, तो एकटा आला आहे की सोबतीने? एकटा असेल तर येऊ द्यावा, जाऊ द्यावा. पण सांधा सुजला, गरम झाला, अडकला, दगा देऊ लागला, रात्री दुखून झोप येईना, किंवा पडताना, मुरगळताना आवाज होऊन लगेच दुखू लागला, तर घरगुती शहाणपण नको. शेजारणीचे नको आणि माझे तर मुळीच नको. सरळ डॉक्टरांकडे जावे.

खांद्याविषयी एक सांगायचे राहिले. बाटली वर नेताना हात अगदी बाजूने उचलू नका, थोडा पुढून आणि अंगठा वर ठेवून उचला. भिंतीला हात टेकून जोर काढताना हात छातीच्या उंचीवर ठेवा, कोपरे फार फाकू देऊ नका. कटकट पुष्कळदा तिथेच थांबते. आणि सुरुवातीची पाच मिनिटे जागच्या जागी चाला. थंड तव्यावर भाकरी टाकत नाही, तसेच हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की, मोठ्या माणसांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पाळी जाण्याच्या वयात आपली हाडे झिजू लागतात, तेव्हा तर तो अधिकच हवा. माझी आजी औंध संस्थानातली. तिथल्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, शाळाशाळांतून सूर्यनमस्कार चालू केले होते. आजी शाळेत नमस्कार घालून वाढली आणि म्हातारपणीही जमिनीवरून आपली आपण उठत असे. तिचे गुडघे वाजत होते की नाही, मला आठवत नाही. ती उठत होती, एवढे आठवते.

अक्का आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या परवानगीने त्यांचा खुर्चीचा व्यायाम सुरू आहे. त्यांनीच मला बजावले होते, “माझं सांगणार असशील तरच भाषणाला उभी राहा.” त्यांची आज्ञा पाळली. वर्ग सोडून घरी बसलेल्या माझ्या भगिनींना एवढीच विनंती की, सोमवारी परत या. गुडघे वाजले तर वाजू देत. दुखले तर आधी सांगा, आपण खुर्ची पुढे करू.