कळ मोजायची कशी?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



आरती झाली आहे आणि प्रसाद व्हायचा आहे. अशा वेळी माईक हातात घेणं जोखमीचं, म्हणून लांबण लावत नाही. आम्ही राज्याच्या आरोग्य खात्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहोत. डॉक्टर नव्हे, डिप्लोमावाले. विषय सिकल सेलचा घेतला, कारण इंदूरहून झाबुआ-अलीराजपूर काही तासांच्या वाटेवर आहे आणि तिथे हा आजार घरोघर ठाऊक आहे. १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांनी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली तीही आपल्याच प्रदेशात, शहडोलला. ज्यांचं माहेर किंवा सासर विदर्भात आहे, त्यांना तर हे नाव नवीन नसावं.

या आजारात प्राणवायू कमी पडला की गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि कळा सुरू होतात. हाडांत, पाठीत, छातीत, पोटात. कधी काही तास, कधी आठवडाभर.

आमच्या टेबलावर आजाराचा संशय पकडणं सोपं आहे. नळीत द्रावण, त्यात रक्ताचा थेंब, मागे काळ्या रेषांचा कागद. द्रावण गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या की पुढची तपासणी करायची आणि माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, ते ठरवायचं. पण समोरच्या पोराला या क्षणी किती दुखतंय, हे सांगणारी नळी आमच्याकडे नाही. कुणाकडेच नाही. म्हणून तर ‘नाटकं करतो’, ‘सुईची सवय लागली आहे’ अशी वाक्यं या रुग्णांच्या वाट्याला येतात. आम्ही ती स्वतःच्या कानांनी ऐकली आहेत, आणि बोलणारी माणसं शिकलेली होती.

मग जे नळीत दिसत नाही, त्यावरचं नवं औषध पारखायचं कसं? रुग्णांचे गट पाडतात. एका गटाला औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. मग वर्षभरात कळांचे झटके किती आले ते मोजायचे. लोक विचारतात, कळवळणाऱ्या माणसाला खोटं औषध देणं हे पाप नाही का? झटका आला की वेदनाशामक आणि सलाईन दोन्ही गटांना मिळतंच. आणि नवं औषध खरंच चांगलं आहे की नाही, हेच तर अजून ठरायचं असतं.

हायड्रॉक्सीयुरिया हे मूळचं कर्करोगावरचं औषध. अमेरिका आणि कॅनडातल्या २९९ प्रौढ रुग्णांवर त्याची अशी चाचणी झाली. औषधाविना वर्षाला साधारण साडेचार झटके, औषधाने अडीच. फरक इतका स्पष्ट होता की १९९५ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली.

दुसरी गोष्ट क्रिझानलिझुमॅबची. महिन्याला एकदा शिरेतून द्यायचं औषध. वाकड्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू नयेत, ही त्यामागची कल्पना. १९८ रुग्णांच्या चाचणीत मोठ्या मात्रेने झटके वर्षाला सुमारे तीनवरून १.६ वर आले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, २०१९ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि मग युरोपातही. पण पुढची, २५२ रुग्णांची चाचणी झाली, तेव्हा औषधाचा गट आणि बिनऔषधाचा गट यांत म्हणावा असा फरक दिसेना. २०२३ मध्ये युरोपने परवानगी काढून घेतली. ज्यांनी आशा धरली होती त्यांचं काय झालं असेल, त्याची कल्पना करा. तरीही दुसऱ्यांदा तपासलं हे बरंच झालं, असं आमचं मत आहे. महागडी सुई नुसत्या आशेवर टोचत राहणं कुणाच्या हिताचं?

आता आमच्या मनातली शंका. या चाचण्यांत मुख्यतः तोच झटका धरतात, ज्यासाठी रुग्ण दवाखान्यात पोचला. अलीराजपूरच्या पाड्यावरचा माणूस रात्री कळ आली तर दात आवळून सकाळच्या गाडीची वाट बघतो. मजुरी बुडेल म्हणून कित्येकदा येतच नाही. त्याची कळ कुठल्या रकान्यात लिहायची? आपल्याकडे उद्या अशी चाचणी झाली, तर घरी काढलेल्या रात्रींची वही आधी हवी, असं आम्हाला वाटतं.

तोवर हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असते आणि अधूनमधून रक्त तपासावं लागतं. बरं वाटलं की लोक ती बंद करतात, ही आमची रोजची डोकेदुखी!

रविवारी सकाळी मांडवाशेजारी आम्ही टेबल मांडणार आहोत. बोटातून एक थेंब, पाच-दहा मिनिटांचं काम. लग्नाच्या वयाची मुलंमुली घरात असतील तर त्यांना आवर्जून आणा. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, पण दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. निकाल आम्ही ज्याचा त्यालाच सांगू, मंडळाच्या फळ्यावर लावणार नाही.

प्रसाद थंड होतोय. गणपती बाप्पा मोरया!