ब्रोशरमधले ४५ घोडे भंडारदऱ्याला किती पोचतात?

आजचा एपिसोड स्टुडिओत नाही, शेंडीत रेकॉर्ड करतोय. समोर भंडारदऱ्याची भिंत आहे, मागे चहाची टपरी आहे, त्यामुळे मध्येमध्ये कपबशांचे आवाज येतील. सांभाळून घ्या.

काल आम्ही दोघं पुण्याहून निघालो. चाकण, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी. माझा मित्र एरवी गाडीवर बसला की गप्प बसत नाही. काल आळेफाट्यापर्यंत एक शब्द नाही. चहाला थांबलो तेव्हा त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. डायनोचा रिपोर्ट. म्हणाला, "भावा, फसलो रे. दुकानात ४५ सांगितले होते. निघाले साडेअडतीस."

चारशे सीसीच्या आसपासची स्पोर्ट बाइक. तीन वर्षांचं कर्ज, दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता. त्यातच डायनोवाल्याने सुचवलेलं, "एक्झॉस्ट बदला, रीमॅप करा, ३५ हजारांत सगळे घोडे परत आणून देतो." आणि हा पठ्ठ्या द्यायला तयार! म्हणून आजचा विषय हाच. हे साडेसहा घोडे गेले कुठे?

पहिली चोरी अगदी भुरटी आहे. ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं पीएस, डायनोचा कागद असतो एचपीमध्ये. आपण दोन्हीला घोडेच म्हणतो, पण ते सारखे नाहीत. १ पीएस म्हणजे ०.९८६ एचपी. म्हणजे ४५ पीएसचे झाले ४४.४ एचपी. अर्ध्याहून जास्त घोडा नुसत्या एककात गेला. कुणी काही चोरलं नाही.

दुसरी गळती मोठी आहे, आणि ती समजून घ्यायला समोरचं धरण बघा. भंडारदरा भरलं की बातमी येते, ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट. आता आवर्तन सुटलं की पाणी प्रवरेतून खाली निळवंड्यात जातं, तिथून ओझरच्या बंधाऱ्यावर, मग कालव्यांतून श्रीरामपूर, राहुरीकडच्या शेतात. वाटेत काही मुरतं, काही उडून जातं. शेतकऱ्याच्या बांधावर पोचतं ते धरणातून सोडलेल्यापेक्षा कमीच. म्हणून धरणाचा आकडा खोटा ठरतो का? नाही. तो धरणाचा आकडा आहे, बांधावरचा नाही.

गाडीचं तसंच आहे. कंपनी सांगते ती ताकद इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर मोजलेली असते. डायनो मोजतो मागच्या चाकावर. मध्ये क्लच, गिअरबॉक्स, चेन, स्प्रॉकेट, बेअरिंग आणि रोलरवर दबणारा टायर. प्रत्येक जण आपला वाटा घेतो. चेनवाल्या गाडीत ही गळती ढोबळमानाने १० ते १५ टक्के धरतात. ४४.४ मधून १२ टक्के काढा, उरतात ३९. राहिलेला अर्धा घोडा टायरमधली हवा, चेनचं वंगण किंवा तापलेलं इंजिन सहज खातं. झाला हिशोब!

चाकण आपल्या वाटेवरच लागलं, तर तिथल्या गाड्या घेऊ. केटीएम आरसी ३९० बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनते. दावा ४३.५ पीएस, ९,००० आरपीएमला. कावासाकी निन्जा ६५० ची जोडणीही चाकणलाच होते. दावा ६८ पीएस, ८,००० ला. एप्रिलिया आरएस ४५७ बारामतीची. दावा ४७.६ पीएस, ९,४०० ला. १० ते १५ टक्क्यांचा नियम लावला तर चाकावर अंदाजे ३७ ते ३९, ५८ ते ६१ आणि ४०.५ ते ४३ पीएस. हे माझं डायनो-मोजमाप नाही, नुसता गुणाकार आहे. पण तुमच्या गाडीचा कागद या पट्ट्यात असेल, तर गाडी ठणठणीत आहे.

कंपन्या कधी वाढवून सांगतच नाहीत, असं नाही हं. २००६ च्या यामाहा आर६ ची जाहिरात होती १७,५०० आरपीएमची. टॅकोमीटरचा काटा तिथवर जायचा, पण इंजिन प्रत्यक्षात १६ हजारांच्या आसपासच फिरत होतं. कंपनीला ते मान्य करावं लागलं आणि नाराज ग्राहकांच्या गाड्या परत विकत घ्यायची तयारी दाखवावी लागली. म्हणून मोजून बघणं चांगलंच. फक्त काय मोजतोय ते कळलं पाहिजे.

आता तिसरी गोष्ट, हवा. भंडारदरा समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा आठ-साडेआठ टक्क्यांनी कमी. टर्बो नसलेलं इंजिन दर श्वासाला तेवढा कमी ऑक्सिजन घेतं. फ्युएल इंजेक्शन पेट्रोल जुळवून घेतं, हवा कुठून आणणार? म्हणजे मित्राचे साडेअडतीस इथे चढून आल्यावर ३६ च्या आसपास. पुणंही साडेपाचशे मीटरवर आहे, तिथेही थोडं जातंच.

मग डायनोच्या कागदावर हे का दिसत नाही? कारण तिथे करेक्शन लावतात. त्या दिवशीचं तापमान, दाब, दमटपणा बघून आकडा एका ठरलेल्या हवेत आणून ठेवतात. आणि गंमत इथेच आहे. करेक्शनच्या पद्धती अनेक आहेत. एक एसएई, एक एसटीडी. एसटीडीचा आकडा एसएईपेक्षा साधारण ४ टक्के जास्त येतो. आधीचा रन एसएईवर, ३८.५. रीमॅपनंतरचा रन एसटीडीवर, ४०. गाडीला हात न लावता दीड घोडा वाढला! सगळेच डायनोवाले असं करतात असं मी म्हणत नाही. पण कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. आधीचा आणि नंतरचा रन एकाच डायनोवर, एकाच गिअरमध्ये, एकाच करेक्शनने झालाय का, विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर ३५ हजार खिशातच ठेवा. आणि एक्झॉस्ट, रीमॅपने वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल का, तेही आधी लेखी घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. राजूरहून शेंडीकडे येताना मी त्याला विचारलं, "काटा किती वर गेला होता?" म्हणाला, "पाच हजार. वळणंच एवढी आहेत." चला, गणित करू. समजा ५,००० ला इंजिन ३५ न्यूटन-मीटर टॉर्क देतंय. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९,५४९, आले १८.३ किलोवॅट. म्हणजे २५ पीएस. ब्रोशरचे ४५ नऊ हजारांच्या आसपास कुठेतरी बसलेत, आणि तू अख्खा रस्ता २५ मध्ये काढलास. ज्या साडेसहासाठी झोप उडाली, ते तुला लागलेच नाहीत, राजा!

अजून एक. येताना त्याची बॅग माझ्या गाडीवर होती, पण दर रविवारी मागे भाऊ बसतो. गाडी १७५ किलो, हा ७५, एकूण २५०. भाऊ आणि सामान धरून ३२५. तेवढीच ताकद, पण किलोमागे २३ टक्के कमी. समोर एसटी, डावीकडे दरी आणि डोक्यात ४५ चा आकडा घेऊन ओव्हरटेक टाकलात, तर गाडी तेवढी उचलणार नाही. एकट्याने गाडी चालवायची सवय असेल तर हे नेमकं तेव्हाच कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून भरलेल्या गाडीला आधी मोकळ्या सरळ रस्त्यावर ओळखा, मग घाटात.

मित्राने कागद परत खिशात घातलाय. ३५ हजारांतून आधी चेन-स्प्रॉकेट आणि चांगले टायर घेणार म्हणतोय. उरले तर हप्ता.

तुमच्याकडे डायनोचा कागद असेल तर फोटो पाठवा. करेक्शनवाला कोपरा कापू नका! पुढच्या भागात त्यातले काही सोबत वाचू. हेल्मेटचा पट्टा लावा. भेटू.