राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी : आपल्या मुलांना कितपत वाव?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सत्काराच्या प्रसंगी वक्त्याने कौतुकाचे चार शब्द बोलावेत आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. परंतु मंडळाच्या चिटणिसांनी मला एक निश्चित विषय नेमून दिला आहे व तो मला फार अगत्याचा वाटतो. अलीकडे दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलास ‘पुढे काय?’ असे विचारले की पुष्कळदा ‘एन.डी.ए.’ असे उत्तर येते. मग पालक येऊन विचारतात, “गुरुजी, आमच्या मुलाचे होईल का हो?” या प्रश्नास ‘का नाही होणार?’ असे उत्तर देणे सोपे आहे, ऐकणाऱ्यास ते गोडही लागते. परंतु त्या गोड उत्तरावर विसंबून कोणी शेत गहाण टाकतो, कोणी भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढतो आणि मुलास परगावच्या महागड्या शिकवणीवर्गात नेऊन घालतो. दोनतीन वर्षांनी मूल हिरमुसले होऊन परत येते, तेव्हा पैसा गेलेला असतो आणि बारावीकडेही दुर्लक्ष झालेले असते. म्हणून हा अंदाज आशेवर न सोडता हिशेबाने कसा बांधावा, एवढेच मी आज सांगणार आहे.

प्रथम या संस्थेविषयी थोडेसे. पुण्याजवळ खडकवासला येथे ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते प्रबोधिनीची कोनशिला बसली आणि जानेवारी १९५५ मध्ये तिचे रीतसर उद्घाटन झाले. भूदल, नौदल व हवाईदल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी येथे तीन वर्षे एकत्र शिकतात. त्यानंतर भूदलाचे छात्र डेहराडूनला, नौदलाचे एझिमला येथे आणि हवाईदलाचे हैदराबादजवळ दुंडिगल येथे पुढील शिक्षणासाठी जातात. शिक्षणाचा, निवासाचा व भोजनाचा खर्च सरकार करते. मध्यम स्थितीतील कुटुंबास याचे मोल काय, हे मी सांगावयास नको. नांदेड जिल्ह्यातील हस्तरा गावचे विवेक चौधरी आणि पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनी प्रशालेत शिकलेले मनोज नरवणे हे दोघेही खडकवासल्याचे छात्र. २०२१-२२ च्या सुमारास एकाच वेळी एक हवाईदलाचे प्रमुख होते आणि दुसरे भूदलाचे. तेव्हा हे दार आपल्यासाठी नाही, असे कोणी मानू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या व्यासपीठावरून स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. या निवडीत ज्ञात पाहिली जात नाही. जातवार राखीव जागा नाहीत, ओळखपाळख चालत नाही, देणगी चालत नाही. “माझ्या ओळखीचे एक साहेब आहेत” असे म्हणणारा गृहस्थ भेटला, तर त्यास चहा पाजून वाटेला लावावे. पैसे मात्र देऊ नयेत.

आता हिशेब मांडू. परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. प्रत्येक वेळी जागा सुमारे चारशे आणि अर्ज काही लाख. हा आकडा ऐकून काहींची छाती दडपते. परंतु अर्ज करणाऱ्यांत नुसती हौस म्हणून शंभर रुपये शुल्क भरणारे असंख्य असतात. म्हणून एकंदर गर्दीकडे न पाहता आपल्या मुलाकडे पाहावे. त्याला चार कसोट्या लावाव्यात : वय, शरीर, लेखी परीक्षा आणि निवड मंडळापुढील पाच दिवस. ज्या कसोट्यांस खर्च कमी, त्या आधी लावाव्यात.

पहिली कसोटी वयाची. शिक्षणक्रम सुरू होतेवेळी उमेदवाराचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान असावे लागते व तो अविवाहित असावा लागतो. अकरावीतील विद्यार्थ्यास परीक्षेस बसता येत नाही. बारावीत शिकत असलेला किंवा बारावी उत्तीर्ण झालेलाच बसू शकतो. म्हणजे सामान्यतः मुलास तीन, फार तर चार संधी मिळतात. शाळेत उशिरा घातलेले किंवा मध्ये वर्ष गेलेले मूल असेल, तर त्यातील एकदोन संधी कमी होतात. येथे जन्मतारीख ग्राह्य धरतात ती दहावीच्या प्रमाणपत्रावरील. पूर्वी शाळेत नाव घालताना सर्रास १ जून ही तारीख लावून टाकण्याची पद्धत होती. ती सवय अजूनही कोठे असेल, तर ती मुलाची एखादी संधी हिरावून घेऊ शकते. घरी जाऊन प्रथम हे गणित कागदावर करावे. त्यास एक पैसा लागत नाही.

दुसरी कसोटी शरीराची. निवड झाल्यानंतर लष्करी रुग्णालयात कसून तपासणी होते आणि तेथे कित्येक निवडलेली मुले परत फिरतात. यासारखे दुःख नाही, कारण यांतील पुष्कळसे दोष आधी कळण्याजोगे असतात. भूदल व नौदलासाठी मुलाची उंची साधारणपणे किमान १५७ सेंटिमीटर लागते, वैमानिकासाठी त्याहून अधिक. डोळ्यांचे नियम दलागणिक निराळे आहेत. रंग ओळखण्यात जन्मजात दोष असेल तर त्यावर औषध नाही आणि मुलास स्वतःला तो ठाऊकही नसतो. ताठ उभे राहिले असता गुडघे एकमेकांस टेकून घोटे दूर राहतात काय, हे पाहावे. पाय ओला करून फरशीवर उमटवावा. पावलाच्या आतील बाजूची कमान मुळीच दिसत नसेल तर डॉक्टरांस दाखवावे. नववी-दहावीतच एकदा नेत्रतज्ज्ञाकडून व एकदा चांगल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी करून घेतली, तर हजारपाचशे रुपयांत पुढील लाखांचा निर्णय होतो. वजन, दात, कानातील मळ यांसारख्या गोष्टी सुधारता येतात. अंगावर गोंदवून घेण्याची जी नवी हौस निघाली आहे, तिच्यापासून मात्र मुलांनी दूर राहावे, कारण गोंदणाबाबत नियम कडक आहेत.

तिसरी कसोटी लेखी परीक्षेची. गणितास ३०० गुण आणि सामान्य क्षमता या विषयास ६००. त्या ६०० पैकी २०० इंग्रजीचे व उरलेले ४०० विज्ञान, इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडी यांचे. प्रत्येक प्रश्नपत्रिकेस अडीच तास. उत्तर चुकले तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा होतो, म्हणून अंदाजे खुणा करणाऱ्याचे येथे नुकसान होते. गणित अकरावी-बारावीच्या दर्जाचे असते. हवाईदल व नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवेत. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, परंतु गणिताची प्रश्नपत्रिका कोणासही सुटत नाही. दहावीनंतर गणिताची कटकट नको म्हणून ते सोडणाऱ्या मुलाने हे दार बहुतांशी आपल्या हातानेच लावून घेतलेले असते.

पालक मला दहावीचे शेकडा गुण सांगतात. दहावीच्या शेकडा नव्वद गुणांवरून या परीक्षेचा अंदाज बांधता येत नाही. त्यापेक्षा असे करावे. आयोगाच्या मागील प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. अकरावी संपल्यावर मुलास घड्याळ लावून बसवावे व गुण वजा करून निकाल काढावा. अलीकडील काही वर्षांत लेखी परीक्षेची पात्रतारेषा ९०० पैकी साधारण २९० ते ३६० गुणांच्या दरम्यान राहिली आहे. त्याखेरीज प्रत्येक विषयात ठराविक किमान गुण लागतात. पहिल्या खेपेस दीडशे-दोनशे गुण पडले तर निराश होऊ नये. मात्र सहा महिन्यांच्या नेटाच्या अभ्यासानंतरही आकडा तेथेच राहिला, तर तो आकडा काय सांगतो ते ऐकावे. मराठी माध्यमातील मुलांनी धास्ती घेऊ नये. गणिताचे व सामान्य ज्ञानाचे प्रश्न हिंदीतही छापलेले असतात. इंग्रजीच्या २०० गुणांसाठी मात्र रोज एक उतारा वाचणे आणि एक लिहिणे, यास पर्याय नाही.

चौथी कसोटी सर्वांत मोठी आणि तिच्याविषयीच आपल्या घरांत सर्वांत कमी माहिती असते. लेखी परीक्षेतून निवडलेल्या मुलांस भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू, म्हैसूर, कोइमतूर अशा ठिकाणच्या निवड मंडळापुढे पाच दिवस राहावे लागते. या पाच दिवसांस पुन्हा ९०० गुण, म्हणजे एकूण १८०० पैकी बरोबर निम्मे. पहिल्याच दिवशी चाळणी होऊन बरीच मुले घरी पाठविली जातात. राहिलेल्यांस चित्रे दाखवून गोष्टी लिहावयास सांगतात. साठ शब्द एकामागून एक दाखवितात व प्रत्येकास पंधरा सेकंदांत वाक्य लिहावयाचे असते. साठ अडचणीचे प्रसंग देऊन अर्ध्या तासात ‘तू काय करशील?’ हे लिहून घेतात. मग मैदानावर फळ्या, दोर व पिंपे देऊन सर्वांनी मिळून अडथळा पार करावयाचा असतो. शिवाय मुलाखत असते आणि शेवटच्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसून निर्णय देतात.

येथे पाहतात काय? दंडाची बेटकुळी किंवा तोंडपाठ भाषण पाहत नाहीत. मुलगा स्वतः विचार करतो काय, दुसऱ्याचे ऐकून घेतो काय, जबाबदारी अंगावर घेतो काय, चूक झाली तर तोल सांभाळतो काय, हे पाहतात. मुलाखतीत त्याच्या गावाविषयी, घरच्या माणसांविषयी, मित्रांविषयी, दिनक्रमाविषयी साधेसाधे प्रश्न येतात. आमच्या घरांत चित्र कसे असते? “तू फक्त अभ्यास कर” म्हणून मुलास बाजारातून भाजी आणू देत नाही. बँकेत खाते कसे उघडतात, हे त्यास ठाऊक नसते. सहलीस पाठवीत नाही, मैदानावर पाठवीत नाही, पाहुणे आले की तो आतल्या खोलीत जातो. सतरा वर्षे ज्याचा प्रत्येक निर्णय वडिलांनी घेतला, त्याने पाच दिवसांत स्वतः निर्णय घेऊन दाखवावा, अशी अपेक्षा कशी करावी? हा पेपर घरात लिहिला जातो आणि तोही फार आधीपासून.

म्हणून पालकांनी आपल्या मुलाविषयी पाच प्रश्न स्वतःस विचारावेत. तो एकटा परगावी जाऊन काम करून येतो काय? वर्गातील किंवा गल्लीतील मुले त्याचे ऐकतात काय आणि तो त्यांचे ऐकतो काय? खेळात हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो काय? अनोळखी वडीलधाऱ्या माणसाशी नजर वर करून बोलतो काय? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा : सैन्यात जावयाचे आहे ते त्याला की आपल्याला? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असली तर दोन वर्षांत पालटता येतात. पाचव्याचे उत्तर नकारार्थी असेल तर मुलास सोडून द्यावे. इतर क्षेत्रांतही देशसेवा आहे.

तयारीसाठी महागडा वर्गच हवा असे नाही. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ साली निघाली; ती देशातील अशा शाळांपैकी पहिली. सैनिकी शाळांत सहावी व नववीत प्रवेशपरीक्षेने घेतात. नाशिकची भोसला सैनिकी शाळा १९३७ पासूनची. दहावीनंतरच्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून आहे व मुलींसाठी तशीच संस्था २०२३ साली नाशिक येथे सुरू झाली. त्यांच्या प्रवेशपरीक्षेची चौकशी दहावीत असतानाच करावी, निकालानंतर धावाधाव करून उपयोग होत नाही. ‘शंभर टक्के निवड’ अशी पाटी लावणाऱ्या वर्गास एकच प्रश्न विचारावा : गेल्या वर्षी आपल्याकडे किती मुले होती आणि त्यांतील किती खडकवासल्यास गेली? पहिला आकडा न सांगता जो दुसराच सांगतो, त्याच्या दारातून परत यावे.

मुलींच्या पालकांस विशेष विनंती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर हे दार मुलींनाही उघडले. २०२२ साली पहिली तुकडी प्रबोधिनीत दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. वर दिलेल्या कसोट्या, उंचीसारखे शारीरिक नियम वगळता, त्यांनाही त्याच लागू आहेत. आज सत्कार झालेल्यांत मुली अधिक आहेत, हे आपण पाहिलेच. त्यांच्यासाठीही हा हिशेब घरी मांडावा.

आणि निवड झाली नाही तर? अंतिम यादीची रेषाही अलीकडे १८०० पैकी साधारण ६५० ते ७२५ गुणांच्या आसपास राहिली आहे. तिच्या अलीकडे राहिलेला मुलगा नालायक ठरत नाही. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे, हवाईदलाची स्वतंत्र परीक्षा आहे, राष्ट्रीय छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र असणाऱ्यांस वेगळी वाट आहे. त्या मार्गांनीही निवड मंडळापुढे पुन्हा जाता येते. म्हणून बारावीचा अभ्यास कधीही पणास लावू नये. तो उत्तम झाला तर मागे परतण्यास वाट राहते. माझ्या एका विद्यार्थ्यास निवड मंडळाने तीनदा परत पाठविले. आज तो अभियंता आहे आणि त्या पाच-पाच दिवसांत आपण लोकांसमोर बोलावयास शिकलो, असे सांगतो. परत आलेल्या मुलास लग्नसमारंभात गाठून “काय, झाले नाही वाटते?” असे विचारणारे नातेवाईक आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी तेवढा एक प्रश्न गिळला, तरी समाजाची मोठी सेवा होईल.

शेवटी मंडळास दोन नम्र सूचना. शिष्यवृत्तीनिधीतील थोडी रक्कम काढून दरवर्षी नववी-दहावीच्या मुलामुलींची नेत्र व शारीरिक तपासणी करवावी. दुसरे, सैन्यातून निवृत्त झालेल्या आपल्या ज्ञातिबंधूंनी वर्षातून एक रविवार या मुलांस द्यावा. त्यांच्याशी बोलावे, त्यांना बोलते करावे. मंगल कार्यालयाच्या रोषणाईपेक्षा यास खर्च कमी येईल.

विद्यार्थी मित्रांनो, आपली शक्यता किती, हे दुसऱ्यास विचारू नका. कागद घ्या, वय मांडा, शरीर तपासून घ्या, प्रश्नपत्रिका सोडवा आणि घरातील एक जबाबदारी आजपासून आपल्या अंगावर घ्या. उत्तर आपोआप मिळेल. आणि ते काहीही मिळाले तरी त्या मेहनतीतून तुम्ही अधिक समर्थ होऊन बाहेर पडाल.